दोन गावांत सर्व्हर, क्लस्टर एकच: स्प्लिट ब्रेन टाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या पतसंस्था, कापूस खरेदी केंद्रं, जिनिंग आणि दूध संकलनवाले आता एक सर्व्हर गावात आणि दुसरा नागपूर-अमरावतीला ठेवून त्यांचा क्लस्टर (एक होऊन काम करणारा सर्व्हरचा गट) करू लागले आहेत. एक ठिकाण बंद पडलं तरी काम चालू राहावं, हा हेतू रास्तच आहे. पण मधली लाइन तुटली आणि दोन्ही ठिकाणं एकाच वेळी 'मीच मुख्य' म्हणून चालू राहिली, म्हणजे स्प्लिट ब्रेन झाला, तर एक ठिकाण बंद पडण्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. खालच्या उत्तरांत एकच मांडणी धरली आहे: पांढरकवड्याच्या मुख्यालयात दोन सर्व्हर, नागपूरला दोन सर्व्हर, मधे राष्ट्रीय महामार्ग 44 च्या कडेने सुमारे दीडशे किलोमीटर फायबर. लिनक्सवर पेसमेकर (कोणती सेवा कुठे चालवायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर) आणि कोरोसिंक (सर्व्हरमधला संपर्क आणि मतं सांभाळणारं), डेटाबेस पोस्टग्रेस.

स्प्लिट ब्रेनमध्ये नेमकं बिघडतं काय?

हिंगणघाटजवळ फायबर तुटली असं समजा. पांढरकवड्याच्या सर्व्हरला नागपूर दिसत नाही, नागपूरला पांढरकवडा दिसत नाही. समोरचा मेला की फक्त रस्ता तुटला, हे आतून कळायला कोणताही मार्ग नाही. दोघांनीही 'समोरचा मेला' असं धरलं, की दोन्हीकडचा डेटाबेस लिहायला लागतो. काट्यावर पांढरकवड्याची बाजू 4512 नंबरची काटापट्टी एका शेतकऱ्याच्या नावे फाडते, नागपूरला जोडलेलं दुसरं केंद्र त्याच नंबरने दुसऱ्याच्या नावे. संध्याकाळी चुकाऱ्यांची ठरलेली एनईएफटी फाइल दोन्ही सर्व्हर बनवतात आणि तोवर लाइन सुरू झाली असेल तर दोन्ही बँकेकडे जातात.

एकाच गट नंबराच्या सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता फेरफार घ्यावेत, तसं हे आहे. प्रत्येक नोंद आपल्या जागी बरोबर असते, पण दोन्ही मिळून खोट्या ठरतात. आणि सॉफ्टवेअरला त्या आपोआप जुळवता येत नाहीत, कारण खरी कोणती हे डेटाबेसला माहीत नसतं, काट्यावरच्या माणसाला माहीत असतं.

दोन्ही ठिकाणी चांगले सर्व्हर आहेत, मग दोनच ठिकाणांत का जमत नाही?

कारण निवाडा बहुमताने होतो आणि दोघांत बहुमत होत नाही. चार सर्व्हर, चार मतं, कोरमला (काम चालू ठेवायला लागणाऱ्या बहुमताला) तीन लागतात. लाइन तुटली की दोन-दोन पडतात आणि दोन्ही बाजू थांबतात. डेटा सुरक्षित राहतो, पण दुसऱ्या ठिकाणावर केलेला खर्च वाया गेला.

मग कोणीतरी सुचवतं की एका बाजूला तीन सर्व्हर ठेवा. नागपूरला तीन आणि गावात दोन केले, तर नागपूर पडल्याबरोबर गावही थांबेल. दुसरा सल्ला येतो 'नो-कोरम-पॉलिसी' ही सेटिंग 'इग्नोर' करण्याचा, म्हणजे बहुमत नसलं तरी चालू राहण्याचा. तो कधीही मानू नका. स्प्लिट ब्रेनला दार उघडं ठेवण्याची ती सरळ सेटिंग आहे. कोरोसिंकमधला 'टू-नोड' पर्याय एकाच खोलीतल्या दोन सर्व्हरसाठी आहे आणि तिथेही तो फेन्सिंगच्या (हरलेल्या सर्व्हरला सक्तीने बंद करण्याच्या) भरवशावरच चालतो. दोन गावांसाठी तो वापरू नये.

तिसरं मत तिसऱ्या ठिकाणी ठेवावंच लागतं.

तिसऱ्या ठिकाणी पूर्ण सर्व्हर घ्यावा लागेल का?

नाही. कोरोसिंकचा क्यूनेटडी हा छोटा प्रोग्राम फक्त मत देतो, त्याच्याकडे डेटा नसतो. एक सीपीयू आणि एक जीबी रॅमचं व्हर्च्युअल मशीन पुरतं आणि एकच क्यूनेटडी अनेक क्लस्टरना चालतो. चारही सर्व्हरवरून त्याच्या टीसीपी 5403 पोर्टपर्यंत वाट उघडी हवी, सेटअपच्या वेळी 2224 सुद्धा. त्याला लागणारी बँडविड्थ नगण्य असते आणि कोरोसिंकपेक्षा जास्त लेटन्सी तो सहज सोसतो, म्हणून तो मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवायला हरकत नाही.

क्लाउड नको असेल तर यवतमाळच्या किंवा अमरावतीच्या शाखेत यूपीएसवरचा एखादा छोटा संगणकही चालतो. तिथली वीज आणि तिथली लाइन वरच्या दोन्ही ठिकाणांपेक्षा वेगळी हवी, एवढीच खरी अट. नागपूरच्या त्याच रॅकमध्ये तिसरं मत ठेवणं म्हणजे नागपूरला दोन मतं देणं.

क्यूडिव्हाइसमध्ये कोणता अल्गोरिदम निवडायचा?

क्यूडिव्हाइस म्हणजे क्लस्टरच्या सर्व्हरवरचा, क्यूनेटडीशी बोलणारा भाग. दोन-दोनच्या मांडणीला त्यात 'एफएफस्प्लिट' निवडा. त्यात क्यूडिव्हाइसचं एक मत असतं, एकूण पाच होतात, कोरम तीन. लाइन तुटली की क्यूनेटडी ते एक मत एकाच बाजूला देतो. ज्या बाजूचे जास्त सर्व्हर चालू असतील तिला, आणि बरोबरी असेल तर टायब्रेकरप्रमाणे. टायब्रेकर मुळात 'लोएस्ट' असतो, म्हणजे सर्वांत कमी नोड-आयडी असलेली बाजू जिंकते. त्यामुळे नोड-आयडी देतानाच विचार करा: जी बाजू जिंकायला हवी तिला 1 आणि 2, दुसरीला 3 आणि 4.

जिंकायला कोणती हवी? लाइन तुटल्यावर ज्या बाजूपर्यंत जास्तीत जास्त लिहिणारी माणसं पोचू शकतात ती. सगळी आवक पांढरकवड्याच्या काट्यावर असेल तर पांढरकवडा, बाकीची केंद्रं नागपूरमार्गे जोडलेली असतील तर नागपूर. डेटाबेसची नेहमीची जागाही त्याच बाजूला ठेवा, नाहीतर प्रत्येक तुटीला डेटाबेस विनाकारण गाव बदलेल.

एक गोष्ट विसरली जाते. अपडेटसाठी दोन्हीकडचा एक-एक सर्व्हर बंद ठेवला आणि नेमकी तेव्हा लाइन गेली, तर प्रत्येक बाजूला एक मत, त्यात क्यूडिव्हाइसचं एक मिळून दोनच. दोन्ही बाजू थांबतील. एका वेळी एकच सर्व्हर बंद करा.

आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर आहे. तरी धोका आहे का?

बिलं दोन असली तरी चर एकच असू शकतो. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक फावडा दोन्ही केबल एकदमच उचकटतो. कंपनीला नुसतं 'रिडंडंट आहे का' असं विचारू नका, 'तुमची केबल कोणत्या रस्त्याने जाते' असं विचारा आणि मार्गाचा नकाशा मागा. एक लाइन महामार्ग 44 ने हिंगणघाटवरून असेल तर दुसरी यवतमाळमार्गे वर्ध्याकडून किंवा अमरावतीकडून नागपूरला जाणारी हवी. गावात शिरतानाचे शेवटचे पाचशे मीटरही पाहा. दोन्ही केबल एकाच खांबावरून इमारतीत येत असतील तर बाकीच्या वेगळेपणाला अर्थ उरत नाही.

मग साक्षीदाराची, म्हणजे तिसरं मत देणाऱ्या क्यूनेटडीची, वाट तपासा, कारण ही चूक सहज नजरेतून सुटते. पांढरकवड्याहून मुंबईच्या क्यूनेटडीला ट्रेसरूट मारा. पॅकेट नागपूरवरून जात असेल तर हिंगणघाटची एकच तूट नागपूरसोबत साक्षीदारही तोडते आणि मत नेहमी नागपूरलाच मिळतं. साक्षीदाराकडे जाणारा रूट मुद्दाम दुसऱ्या लाइनवर किंवा फोरजीवर टाका.

फोरजी राउटर तिसरी वाट म्हणून उपयोगी पडतो. मोबाइल कंपन्या बहुधा सामायिक आयपी देतात, म्हणून किमान नागपूरला स्थिर सार्वजनिक आयपी घ्या, वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा गावाकडून उघडा आणि 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' 25 सेकंद ठेवा. कोरोसिंकमध्ये हा बोगदा दुसरा लिंक म्हणून जोडून लिंक-मोड 'पॅसिव्ह' करा आणि फायबरचा अग्रक्रम वरचा ठेवा. कोरोसिंकचा संपर्काचा भाग, केनेट, आठपर्यंत लिंक घेतो.

टाइमआउट किती ठेवायचे?

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पांढरकवडा-नागपूर कागदावर दीड मिलिसेकंद आहे, प्रत्यक्षात मधल्या उपकरणांमुळे जास्त येतं. मोजायचं मात्र सर्वांत वाईट लिंकचं. संध्याकाळी गर्दीच्या वेळी फोरजीवरून हजार पिंग पाठवा आणि सरासरी सोडून कमाल आकडा टिपून ठेवा.

टोकन म्हणजे समोरचा गेला असं धरण्याआधी कोरोसिंक जेवढा वेळ वाट पाहतो तो. कोरोसिंक 3.1 पासून तो मुळात 3000 मिलिसेकंद असतो. दोन गावांसाठी 10000 ठेवा. चार नोड असल्यावर दोनच्या वरच्या प्रत्येक नोडमागे 650 मिलिसेकंद आपोआप वाढतात, म्हणून प्रत्यक्षात 11.3 सेकंद होतात. कन्सेन्सस (उरलेल्या सर्व्हरना नवी यादी एकमताने ठरवायला मिळणारा वेळ) त्याच्या 1.2 पट, म्हणजे साधारण 13.6 सेकंद. फायबरवरून फोरजीवर जाताना होणारा खंड एवढ्यात बसतो.

टोकन कमी केला की बदल लवकर होतो हे खरं. पण वाऱ्या-वादळाच्या दिवसांत लाइन मिनिटामिनिटाला येते-जाते आणि प्रत्येक झटक्याला क्लस्टर उड्या मारतो. गावाकडच्या लाइनवर मिनिटभर उशिरा होणारा खात्रीचा बदल आम्ही केव्हाही पसंत करू.

कोरम आहे, तर फेन्सिंग कशाला?

कोरम फक्त सांगतो की कोणी चालायचं. हरलेली बाजू खरोखर थांबली आहे, याची हमी फेन्सिंग देतं. अडकलेला सर्व्हर, डिस्कवर लटकलेली प्रोसेस, अर्धवट थांबलेला डेटाबेस, असल्यांना कोरम गेल्याचं कळलं तरी ते लिहीत राहू शकतात. म्हणून 'स्टोनिथ-एनेबल्ड' ही पेसमेकरमधली फेन्सिंगची सेटिंग कधीच बंद करू नका. सेटअप करताना त्रास होतो म्हणून ते तात्पुरतं बंद केलं जातं आणि तसंच राहून जातं.

नेहमीची पद्धत आयपीएमआयची: एक सर्व्हर दुसऱ्याच्या मदरबोर्डवरच्या कंट्रोलरला यूडीपी 623 पोर्टवरून 'बंद हो' सांगतो. एका खोलीत हे उत्तम चालतं, दोन गावांत मोडतं. लाइन तुटली की समोरच्या गावचा कंट्रोलरही दिसत नाही. गावातली वीज गेली आणि यूपीएस संपला की कंट्रोलरही मेलेला असतो. फेन्सिंगची खात्री मिळत नाही, म्हणून पेसमेकर नागपूरला काहीच सुरू करत नाही. पेसमेकरचं हे वागणं बरोबर आहे, त्याला दुसरं हत्यार द्यायचं राहिलेलं असतं.

ते हत्यार म्हणजे डिस्कविना एसबीडी आणि हार्डवेअर वॉचडॉग. वॉचडॉग हे ठरलेल्या वेळात टिक मिळाली नाही तर सर्व्हर रीसेट करणारं घड्याळ, एसबीडी हा त्याला टिक देणारा प्रोग्राम. कोरम गेलेली बाजू वॉचडॉगला टिक देणं थांबवते आणि सर्व्हर स्वतःला रीसेट करतो. जिंकलेली बाजू ठरलेला वेळ थांबते आणि मग समोरचा नक्की बंद झाला असं धरते. मधे कोणतीही लाइन लागत नाही. आकडे असे बसवा:

- क्यूडिव्हाइसचा सिंक-टाइमआउट मुळात 30 सेकंद असतो.
- एसबीडीचा वॉचडॉग-टाइमआउट त्याहून मोठाच हवा, म्हणून 35 सेकंद. पाच सेकंदांचा मूळ आकडा तसाच ठेवला तर क्यूडिव्हाइससोबत एसबीडी नीट चालणार नाही.
- 'स्टोनिथ-वॉचडॉग-टाइमआउट' त्याच्या किमान दुप्पट, म्हणजे 70 सेकंद.

हिशोब करा: टोकन आणि कन्सेन्सस मिळून 25 सेकंद, वर 70, मग पोस्टग्रेस उठायला लागेल तेवढा वेळ. दोन मिनिटं काटा थांबेल, हे काट्यावरच्या लोकांना आधीच सांगून ठेवा.

वॉचडॉग हार्डवेअरचाच हवा. इंटेलच्या बोर्डवर 'आयटीसीओ-डब्ल्यूडीटी', एचपीईवर 'एचपीडब्ल्यूडीटी' हे मॉड्यूल असतं. 'सॉफ्टडॉग' कर्नलच्या आतच चालतो. कर्नल गोठला की तोही गोठतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची गरज असते. आयपीएमआय काढून टाकू नका. पहिली पायरी आयपीएमआय, ती न पोचल्यास वॉचडॉग, असा क्रम लावा.

पॅट्रोनी वापरला तर हे सगळं लागतं का?

पॅट्रोनी हा पोस्टग्रेसचा मुख्य सर्व्हर कोणता ते ठरवणारा वेगळा प्रोग्राम आहे. त्यात बहुमताचं काम ईटीसीडी हा सामायिक नोंदी ठेवणारा प्रोग्राम करतो, म्हणून ईटीसीडीचे तीन सदस्य तीन ठिकाणी हवेत: पांढरकवडा, नागपूर, मुंबई. दोन गावांत आणि तिसरा पुन्हा नागपूरला, असं केलं की वरचीच चूक परत झाली. हार्टबीट मुळात 100 आणि इलेक्शन 1000 मिलिसेकंद असतं. इलेक्शन टाइमआउट जाण्या-येण्याच्या वेळेच्या किमान दहापट हवा. फोरजीवर 300 मिलिसेकंदांपर्यंत जात असेल तर 300 आणि 3000 करा, तिन्ही सदस्यांवर सारखंच. ईटीसीडीला एसएसडी द्या. लॉग डिस्कवर उतरायला लागणारा वेळ 99 टक्के वेळा दहा मिलिसेकंदांच्या आत हवा, नाहीतर लाइन ठीक असूनही नेता बदलत राहतो.

पॅट्रोनीत टीटीएल (मुख्य सर्व्हरच्या कुलपाची मुदत) 30, लूप-वेट (दोन तपासण्यांमधला वेळ) 10 आणि रिट्राय-टाइमआउट 10 सेकंद असतात. टीटीएल हा लूप-वेट अधिक दोनदा रिट्राय-टाइमआउट यापेक्षा कमी नसावा. मुख्य सर्व्हरला ईटीसीडीत कुलूप नव्याने लावता आलं नाही की तो स्वतःला खाली उतरवतो. पण पॅट्रोनीच लटकला तर उतरवणार कोण? म्हणून इथेही वॉचडॉग 'रिक्वायर्ड' करा.

एकाच डेटाबेसवर पेसमेकर आणि पॅट्रोनी दोन्ही लावू नका. दोघेही मालक होऊ पाहतात.

गॅलेरा?

गॅलेरा ही मायएसक्यूएल-मारियाडीबीची अनेक सर्व्हरवर प्रतिकृती ठेवणारी व्यवस्था आहे. तिच्यासाठी तिसऱ्या ठिकाणी 'गार्बडी' हा फक्त मत देणारा प्रोग्राम चालवा, पोर्ट 4567. दोन्ही गावांना वेगळा सेगमेंट नंबर द्या, म्हणजे लाइनवरची ये-जा कमी होते. एक सावधगिरी: गार्बडी डेटा साठवत नसला तरी सगळी प्रतिकृती-वाहतूक त्याच्यापर्यंत जाते, म्हणून तो क्यूनेटडीइतका हलका नाही. आणि 'नॉन-प्रायमरी' झालेल्या (बहुमत गमावलेल्या) बाजूला घाईघाईने 'पीसी-बूटस्ट्रॅप' ('तूच मुख्य' अशी आज्ञा) देऊ नका. समोरची बाजू चालू असेल तर त्या एका ओळीने तुम्ही स्वतः स्प्लिट ब्रेन घडवता.

डीआरबीडी?

डीआरबीडी एका सर्व्हरची डिस्क लाइनवरून दुसऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी उतरवतो. त्यात फेन्सिंग 'रिसोर्स-अँड-स्टोनिथ' ठेवा. दोन्ही बाजू प्रायमरी झाल्या असतील तर 'आफ्टर-एसबी-टूप्रायमरी' ला 'डिस्कनेक्ट' हेच उत्तर द्या. तिथे आपोआप निवड करू देणं म्हणजे एका बाजूचा डेटा कोणालाही न विचारता पुसणं.

तूट मिनिटभराचीही नसेल तर एवढी काळजी कशाला?

21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसची मालकी पश्चिम किनाऱ्याकडे दिली. पूर्वेकडे काही नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. तिथे निवड बहुमतानेच झाली होती. अडचण प्रतिकृती मागे राहिल्याची होती.

म्हणून पैशाच्या नोंदींसाठी प्रतिकृती सिंक्रोनस ठेवा, म्हणजे दुसरीकडे पोचल्यावरच नोंद पक्की होईल. दीडशे किलोमीटरवर प्रत्येक कमिटमागे काही मिलिसेकंद जातात. काट्यावरच्या माणसाला ते जाणवतही नाहीत.

वीज गेली की दरवेळी लाइनही जाते. का?

सर्व्हर यूपीएसवर असतात, पण भिंतीवरचा ओएनटी (फायबर कंपनीची डबी), मीडिया कन्व्हर्टर किंवा पॅसेजमधला स्विच साध्या प्लगवर असतो. भारनियमन सुरू झालं की सर्व्हर जिवंत आणि लाइन मेलेली, म्हणजे विभाजनाला लागणारी नेमकी परिस्थिती. केबल हाताने धरून भिंतीपासून सर्व्हरपर्यंत चाला आणि वाटेतलं प्रत्येक उपकरण कोणत्या सॉकेटवर आहे ते लिहा. ही सगळी उपकरणं मिळून पन्नास वॉटही घेत नाहीत, त्यांना वेगळा छोटा यूपीएस द्या.

बॅटऱ्या थंड जागी ठेवा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बिनएसीच्या खोलीतली बॅटरी कागदावरचा बॅकअप देणार नाही. उन्हाळ्याआधी खऱ्या लोडवर चालवून मिनिटं मोजा.

बदल झाला, पण काही संगणक जुन्याच सर्व्हरला चिकटून राहतात. काय करायचं?

दोन गावांत सबनेट वेगळे असतात, त्यामुळे तरंगता आयपी (चालू सर्व्हरसोबत फिरणारा पत्ता) एका गावातून दुसऱ्या गावी जात नाही. पॅट्रोनी असेल तर मधे एचएप्रॉक्सी (जोडण्या योग्य सर्व्हरकडे वळवणारा प्रोग्राम) ठेवा आणि 8008 पोर्टवर 'प्रायमरी' तपासून जोडणी द्या. त्यात 'ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स' लिहायला विसरू नका, नाहीतर आधीच्या उघड्या जोडण्या तशाच राहतात. डीएनएसवर काम असेल तर टीटीएल 30 ते 60 सेकंद. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांकडे वेगळं लक्ष द्या: चुकाऱ्याची फाइल बनवणारं काम सर्व्हरच्या क्रॉनमध्ये न ठेवता क्लस्टरच्या ताब्यात द्या, म्हणजे डेटाबेस जिथे असेल तिथेच ते चालेल.

साक्षीदारही गेला आणि लाइनही गेली तर?

दोन्ही बाजू थांबतील. काटा चालू ठेवायला आधीच छापलेली, वेगळ्या क्रमांकांची काटापट्टीची पुस्तकं ठेवा.

हाताने एक बाजू सुरू करायचीच वेळ आली तर क्रम मोडू नका. आधी समोरच्या गावातल्या माणसाने सर्व्हरची पॉवर केबल काढायची आणि फोनवर तसं सांगायचं. पडदा काळा दिसतो, एवढ्यावर विसंबायचं नाही. मगच 'पीसीएस कोरम अनब्लॉक' ही आज्ञा द्यायची, म्हणजे बंद सर्व्हरची वाट न पाहता क्लस्टर चालू होतो. समोरच्या गावात फोन लागत नसेल, तर ही आज्ञा द्यायची नाही. कितीही मोठी रांग असली तरी नाही.

चाचणी कशी करायची?

जून-जुलैत, जिनिंग बंद असताना. लाइन तोडायला 'इफडाउन' (नेटवर्क कार्ड बंद करणारी आज्ञा) वापरू नका, त्याने खऱ्या तुटीसारखी स्थिती येत नाही. आयपीटेबल्सने येणारी आणि जाणारी दोन्ही पॅकेट अडवा. नंतर फक्त एकच दिशा अडवून पाहा, कारण अर्धवट तूट पूर्ण तुटीपेक्षा जास्त फसवते. मग फक्त साक्षीदार तोडा. लाइन आणि साक्षीदार एकाच बाजूला तोडा. 'टीसी नेटेम' ने 400 मिलिसेकंद उशीर आणि पाच टक्के पॅकेट गळती लावा. शेवटी एका सर्व्हरची केबल खरोखर ओढा. प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिहा: किती सेकंदांनी दुसरी बाजू लिहायला लागली, आणि पहिली बाजू त्याआधी थांबली होती का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर चाचणी नापास, बाकी सगळं ठीक असलं तरी.

घडलंच आहे. आता काय?

आधी ॲप्लिकेशन दोन्हीकडे थांबवा, मग डेटाबेस. दोन्ही बाजूंचा पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. 'पीजी-रिवाइंड' इतक्यात चालवू नका, तो हरलेल्या बाजूच्या नोंदी पुसतो. पोस्टग्रेसच्या टाइमलाइन हिस्टरी फाइलवरून फाटा कुठे फुटला ते शोधा, त्या क्षणानंतरच्या नोंदी हरलेल्या बाजूतून काढा आणि काटापट्टीच्या कागदी स्थळप्रतींशी एकेक जुळवा. बँकेला त्याच दिवशी कळवून दुसरी एनईएफटी फाइल अडवायला सांगा. जुळवलेल्या नोंदी जिंकलेल्या बाजूत नव्या नंबरने घाला. मगच हरलेली बाजू रिवाइंड करा किंवा नव्या बेस बॅकअपवरून उभी करा.

काटापट्टीच्या नंबरापुढे आधीपासूनच केंद्राचं अक्षर असेल, पांढरकवड्याचं 'प' आणि नागपूरचं 'न', तर जुळवणी कितीतरी सोपी जाते. हा बदल पुढच्या हंगामाची वाट न पाहता आजच करता येतो.